देवराष्ट्रेची जीप आणि खोबणीतल्या मोटारी: वस्तूचा इतिहास वाचायचा कसा?

डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांपासून छोटी जीप बनवली आणि तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. किक मारून सुरू होणारी, डावीकडे स्टिअरिंग असलेली, समोरून थेट जुन्या जीपसारखी दिसणारी गाडी. मुलाची हौस म्हणून बनवलेली, खर्च साधारण ६० हजार रुपये. आनंद महिंद्रांनी तिच्याबद्दल ट्विट केलं, तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये दिलीसुद्धा.

आमच्या घरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ एका दिवसात चार वेळा आला. सगळ्यांची प्रतिक्रिया एकच: ‘काय जुगाड आहे!’ मी फिजिक्सवाली, पण पीएचडीचा विषय निवडताना तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळत होते. त्यामुळे डोक्यात दुसराच प्रश्न आला. समजा पन्नास वर्षांनी कुणाला या गाडीचा इतिहास लिहायचा असेल, तर त्याच्या हातात काय असेल? एक व्हिडिओ, काही बातम्या, एक ट्विट. गाडी कशी बनली, कोणता जोड आधी फसला, मापं कुठून घेतली, यातलं काहीच नाही.

आजची पोस्ट या प्रश्नावर आहे. उत्तराकडे जायला थोडी वाकडी वाट घ्यावी लागेल, कारण मला पद्धत सापडली ती खेळण्यातल्या मोटारींच्या इतिहासात.

खोबणीतली मोटार

स्लॉट कार म्हणजे काय, ते आधी बघू. प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या ट्रॅकमध्ये एक खोबण असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या पोटाखाली एक छोटी जीभ असते, ती खोबणीत अडकते. जिभेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारेच्या वेण्या असतात, त्या पट्ट्यांवर घासत वीज घेतात. घरगुती सेटमध्ये साधारण १२ व्होल्ट डीसी. हातातल्या कंट्रोलरने मोटरला किती वीज द्यायची ते ठरवायचं. स्टिअरिंग नाही, दिशा खोबण ठरवते. तुमच्या हातात फक्त वेग.

पण त्या वेगातच सगळं फिजिक्स आहे. वळणावर लागणारं अभिकेंद्री बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. टायरचं घर्षण कमी पडलं की गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि जीभ खोबणीतून सुटते. ब्रेकसुद्धा मजेशीर: वीज बंद करून मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली की फिरणारी मोटर जनित्र बनते आणि स्वतःलाच अडवते. बारावीचा बॅक ईएमएफ आठवा.

अमेरिकेत लायोनेल कंपनीने १९१२ मध्येच विजेवर धावणाऱ्या रेसिंग मोटारी विकायला काढल्या होत्या. पण हा खेळ घराघरांत पोचला तो १९५७ नंतर. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांची मिनिमॉडेल्स ही कंपनी ‘स्केलेक्स’ नावाच्या चावीच्या पत्र्याच्या गाड्या बनवायची. त्यांनी गाडीत विजेची मोटर बसवली आणि नाव झालं ‘स्केलेक्स्ट्रिक’. पुढच्याच वर्षी लाइन्स ब्रदर्सने ती कंपनी घेतली आणि पत्र्याच्या जागी प्लास्टिक आलं. साठच्या दशकात अमेरिकेत या खेळाची लाट आली. भाड्याने खेळायचे मोठे ट्रॅक गावोगावी निघाले आणि दशक संपायच्या आत बहुतेक बंदही पडले.

त्या लाटेतून एक जमात मागे राहिली: स्वतः गाड्या बनवणारी. पितळेची पट्टी आणि पियानोची तार डाग देऊन जोडायची, त्यातून चासी उभी करायची. मोटरचं आर्मेचर उलगडून स्वतःच्या हिशोबाने परत गुंडाळायचं. पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा गरम करून साच्यावर ओढायचा आणि तयार झालेली बॉडी आतून रंगवायची, म्हणजे रंगाला ओरखडा पडत नाही. आजही लोक त्याच जुन्या पद्धतीने, जुन्या वळणाच्या नव्या गाड्या बनवतात आणि जुन्या गाड्या जमवतात.

अस्सल की नक्कल?

जमवणाऱ्यापुढचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. टेबलावर पितळी चासीची एक गाडी आहे. ती १९६५ ची आहे, की १९६५ सारखी दिसावी म्हणून कुणी गेल्या वर्षी बनवली? दोन्हींत पितळ तेच आणि डागही तसाच.

अशा वेळी वस्तूलाच प्रश्न विचारावे लागतात. एक उदाहरण घेऊ. मोटरमध्ये निओडिमियमचा चुंबक निघाला. हा चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विकसित झाला, त्याआधी तो अस्तित्वातच नव्हता. म्हणजे ती मोटर १९६५ ची असूच शकत नाही. इतिहासात याला ‘त्यानंतरचीच’ मर्यादा म्हणता येईल: सर्वांत नवा घटक वस्तूची सर्वांत जुनी शक्य तारीख ठरवतो.

आता इथे दोन सापळे आहेत. पहिला: हे उलट चालत नाही. जुना चुंबक निघाला म्हणून गाडी जुनी ठरत नाही, जुने सुटे भाग आजही मिळतात. दुसरा: चुंबकाने फक्त मोटरची तारीख सांगितली, गाडीची नाही. चासी १९६५ ची आणि मोटर नंतर कुणीतरी बदललेली, असंही असू शकतं. मी पहिल्यांदा असा निष्कर्ष काढून दाखवला तेव्हा समोरून एकच वाक्य आलं होतं: ‘हे तुला भागाबद्दल कळलंय की पूर्ण वस्तूबद्दल?’ तेव्हा राग आला. आता हाच प्रश्न मी दुसऱ्यांना विचारते.

आपल्याकडे ही शिस्त नवी नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाईत सापडलेल्या कागदांवर वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. कागद अस्सल कोणता, नक्कल कोणती, तारीख जुळते का, अक्षर कुणाचं, हा खल मराठी इतिहासलेखनात तेव्हापासून चालत आलाय. फरक एवढाच की आपण तो बहुतेक वेळा कागदापुरता ठेवला. लोखंडाला, पितळेला, डागाच्या जोडाला तेच प्रश्न विचारायची सवय आपल्याला कमी आहे.

मीरा: गाडी होती, साधनं कमी

ही सवय का लागते, ते दाखवायला सांगलीच्या शेजारचं इचलकरंजी बघा. तिथल्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतर लगेचच छोट्या, स्वस्त मोटारीचा ध्यास घेतला. १९४९ मध्ये त्यांचा पहिला नमुना तयार झाला आणि १९७५ पर्यंत ते सुधारित नमुने बनवत राहिले. गाडीचं नाव ‘मीरा’. इंजिन मागे आणि किंमत साधारण १२ हजार रुपये ठेवायचा विचार. कारखान्यातून ती कधी बाहेर पडली नाही. मारुती ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये.

मीराबद्दल इंटरनेटवर भरपूर मजकूर आहे. वाचायला बसलात तर लक्षात येईल की बराचसा एकमेकांचाच आहे. तीच छायाचित्रं, तेच चार परिच्छेद, शेवटी सरकारी अडवणुकीबद्दल तीच हळहळ. वीस ठिकाणी एकच गोष्ट छापून आली म्हणजे वीस पुरावे होत नाहीत. पुरावा एकच, त्याच्या नकला वीस. संशोधनाला बसणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहावं, असं मला वाटतं.

आता तुलना करा. १९६० च्या आसपासच्या एखाद्या खेळण्यातल्या गाडीबद्दल जमवणारे लोक कोणता रंग कधी आला, चाक कधी बदललं इथवर सांगतात, कारण तिचा खोका, कॅटलॉग आणि किंमतपत्रक जपलेलं आहे. आणि माणसं घेऊन धावणाऱ्या खऱ्या मोटारीबद्दल आपण चार परिच्छेदांवर अडतो. वस्तू किती महत्त्वाची होती यावर तिचा इतिहास टिकत नाही. कुणी काय जपलं, यावर टिकतो.

किर्लोस्करवाडी आणि नकाशाचा घोटाळा

याच भागात उलटं उदाहरणही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे लोखंडी नांगर बनवले. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० पासून तिथून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागलं. म्हणजे नांगर बनवणाऱ्यांनी स्वतःबद्दल छापूनही ठेवलं. म्हणूनच आज त्यांच्यावर प्रबंध लिहिता येतो.

लगेच मोह होतो: किर्लोस्करवाडी आणि देवराष्ट्रे एकमेकांपासून फार लांब नाहीत, मग लोहारांची जीप ही त्याच यंत्रसंस्कृतीची देणगी! ऐकायला छान वाटतं, पण थांबा. जवळ असणं म्हणजे कारण असणं नव्हे. कोण कुणाकडे काम शिकलं, कोणती हत्यारं कुठून आली, ते दाखवल्याशिवाय हे वाक्य प्रबंधात टाकायचं नाही.

अजून एक व्यावहारिक गोष्ट. या भागावर काम करणार असाल तर ‘सांगली’ एवढंच शोधू नका. सातारा जिल्ह्यातून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ चा, याच देवराष्ट्रे गावचा, पण तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं. किर्लोस्करवाडी तर औंध संस्थानात. म्हणजे एकाच टापूचे कागद सातारा, दक्षिण सातारा, सांगली आणि संस्थानी दप्तर अशा चार नावांखाली विखुरलेले असू शकतात. हे माहीत नसलं की ‘साधनं उपलब्ध नाहीत’ असं लिहून आपण मोकळे होतो.

पुन्हा देवराष्ट्रे

तर ती जीप. महिंद्रांनी लिहिलं होतं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या स्थानिक अधिकारी ती रस्त्यावर चालवू देणार नाहीत. बोलेरोच्या बदल्यात घेतलेली जीप आपल्या रिसर्च व्हॅलीतल्या संग्रहात ठेवू, असंही त्यांनी सांगितलं. याचा अर्थ नीट बघा. गावातल्या वर्कशॉपमध्ये बनलेली गाडी कंपनीच्या संग्रहात गेली, म्हणजे ती भंगारात परत जाण्यापासून वाचली. मीराच्या मानाने तिचं नशीब थोर.

पण संग्रहात गेली ती गाडी. ती बनवण्याचं ज्ञान गावातच आहे, हातात आणि डोक्यात. पत्रा कुठे वाकवला, वजन मागे जास्त झालं तेव्हा काय केलं, कोणता भाग कुणाच्या गाडीतून काढला, हे कुणी विचारून लिहून घेतलं नाही तर एका पिढीत जाईल. ‘जुगाड’ म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण त्या शब्दात अडचण अशी की तो सगळी मेहनत एका झटक्याची करून टाकतो. स्लॉट कार बनवणाऱ्याने आर्मेचर सात वेळा गुंडाळलं तर आपण त्याला प्रयोग म्हणतो. लोहाराने तेच केलं की जुगाड. प्रयोगशाळेत बसलेल्यांनी तरी हा भेद करू नये.

म्हणून तुम्हाला एक काम देते. तुमच्या तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनचं किंवा गॅरेजचं एक जुनं दुकान नक्की असेल. एखाद्या दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना जा. परवानगी घ्या. त्यांनी स्वतः बनवलेली एखादी वस्तू दाखवायला सांगा. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे माप कळेल. कोणता भाग कशातून काढला ते विचारा. पहिला प्रयत्न कुठे फसला, हे तर आवर्जून विचारा, कारण यशाची गोष्ट सगळे सांगतात. तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचे नेमके शब्द त्याच दिवशी वहीत उतरवा. तुमचा अंदाज आणि त्यांचं म्हणणं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

एवढं केलंत तर पन्नास वर्षांनी कुणाला तरी चार परिच्छेदांपेक्षा जास्त काही मिळेल. आणि तुम्हाला मिळेल तुमचं पहिलं साधन, दुसऱ्या कुणाच्या लेखातून उचललेलं नसलेलं.