रजा आणि आज्ञा : साथीच्या काळातील शिक्षकांच्या रजेचे नियम, परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

सेवानियमांचा इतिहास हा विषय इतिहासाच्या अभ्यासकांस सहसा रुक्ष वाटतो. राज्यकारभारातील मोठ्या घडामोडींच्या मानाने रजा, वेतन आणि निवृत्तिवेतन यांची कलमे क्षुल्लक भासतात, आणि ती कारकुनांच्या हवाली केली जातात. परंतु राज्यसंस्था आपल्या सेवकाकडे कोणत्या दृष्टीने पाहते, याचा विश्वसनीय पुरावा अनेकदा या कलमांतच सापडतो. प्रस्तुत लेखात अशाच एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. साथीच्या रोगाच्या काळात शिक्षक स्वेच्छेने नव्हे, तर शासनाच्या आज्ञेने घरी राहिला, तर ते दिवस कोणाच्या खात्यावर पडावेत?

'रजा' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ अर्थ संमती किंवा मर्जी असा आहे. रजेच्या सर्व नियमांचा पायाही हाच आहे. सेवकाने विनंती करावी आणि वरिष्ठाने मर्जीनुसार संमती द्यावी. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांतही रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत नमूद आहे. साथीच्या काळात मात्र हा क्रम उलटतो. सेवक कामावर येऊ इच्छितो आणि शासन त्याला येऊ नको म्हणते. संमतीच्या कल्पनेवर उभारलेल्या नियमांना आज्ञेने घडलेली ही गैरहजेरी कशी पेलली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

या विचारासाठी परभणी जिल्हा निवडण्यास कारण आहे. विसाव्या शतकात येथील शिक्षक १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, १९६० पर्यंत द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि त्यानंतर महाराष्ट्र राज्यात, अशा चार राजवटींखालून गेला. राजवटी बदलल्या, नियमांची पुस्तकेही बदलली. परंतु वरील प्रश्नाचे उत्तर फारसे बदलले नाही, असे आमचे मत आहे.

२. प्लेग, इन्फ्लुएन्झा आणि संसर्गरोध रजा

मुंबई इलाख्यात १८९६ साली प्लेगचा प्रादुर्भाव झाला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. या अधिनियमाची कलमे मोजकी आहेत. त्यांत शासनास असाधारण अधिकार दिले आहेत, आज्ञाभंगास शिक्षा सांगितली आहे, आणि सद्भावनेने कृती करणाऱ्या अधिकाऱ्यांस संरक्षण दिले आहे. ज्या व्यक्तीस या आज्ञांमुळे कामावर जाता येणार नाही, तिच्या वेतनाविषयी त्यात एक अक्षरही नाही. ही उणीव पुढे दीर्घकाळ टिकली, म्हणून तिचा येथे मुद्दाम निर्देश केला आहे.

ही उणीव अंशतः भरून काढण्याचे काम सेवानियमांनी केले. ब्रिटिश हिंदुस्थानातील सरकारी नोकरांच्या नियमांत 'क्वारंटाईन रजा', म्हणजे संसर्गरोध रजा, असा स्वतंत्र प्रकार आढळतो. नोकराच्या घरात सांसर्गिक रोग उद्भवला आणि त्यामुळे त्याने कचेरीत येऊ नये असे वैद्यकीय किंवा आरोग्य अधिकाऱ्याने प्रमाणित केले, तर त्याला २१ दिवसांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत ३० दिवसांपर्यंत, घरी राहता येई. या काळात तो गैरहजर मानला जात नसे आणि त्याचे वेतन खंडित होत नसे. पटकी, देवी, प्लेग, घटसर्प, टायफस आणि मस्तिष्कावरणदाह हे रोग त्यासाठी ग्राह्य होते. कांजिण्या मात्र, त्या देवी असाव्यात अशी शंका असल्याखेरीज, ग्राह्य नव्हत्या.

या तरतुदीच्या दोन मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, नोकर स्वतः आजारी पडला तर ही रजा मिळत नसे. त्याला आपल्या खात्यातील नेहमीची रजा खर्ची घालावी लागे. दुसरी अशी की, रोगांची यादी ठराविक होती आणि इन्फ्लुएन्झाचा तीत समावेश नव्हता. वस्तुतः १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने प्लेगहूनही अल्पावधीत अधिक माणसे नेली. निजामाच्या राज्याची लोकसंख्या १९११ च्या जनगणनेत १,३३,७४,६७६ होती, ती १९२१ मध्ये १,२४,७१,७७० इतकी उतरली. या घटीचे एक प्रमुख कारण ही साथ होते. हैदराबाद-मनमाड लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेला होता व परभणी त्यावरील स्थानक होते. साथीच्या प्रसाराला असे मार्ग साहाय्यभूत होतात, हे सर्वत्र दिसून आले आहे.

मर्यादा असूनही या रजेमागील तत्त्व महत्त्वाचे होते. संसर्ग रोखणे हे सार्वजनिक कार्य आहे, म्हणून त्याचा भार नोकराच्या खात्यावर टाकू नये, ही गोष्ट तीत मान्य केलेली होती.

३. निजामी अमलापासून जिल्हा परिषदेपर्यंत

परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात औरंगाबाद सुभ्यात मोडत असे. साथरोग अधिनियमाच्या व्याप्तीविषयी येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. स्वातंत्र्योत्तर काळात या अधिनियमातील व्याप्तीच्या कलमात, १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी 'भाग ब' राज्यांत असलेले प्रदेश वगळून, असे शब्द होते. आणि हैदराबाद हे 'भाग ब' राज्य होते. हे शब्द २०२० च्या दुरुस्तीने गाळण्यात आले. राज्यांना तो कायदा आपल्या प्रदेशांत विस्तारित करण्याचा मार्ग मोकळा होता. त्यामुळे केवळ या शब्दांवरून मराठवाड्यात साथनियंत्रणाचा कायदाच नव्हता, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. तथापि जुन्या संस्थानी सीमांच्या खुणा केंद्रीय कायद्याच्या मजकुरात २०२० पर्यंत शिल्लक राहिल्या, ही गोष्ट लक्षणीय आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या ११५ व्या कलमाने बदली झालेल्या नोकरांस असे अभिवचन दिले होते की, केंद्र शासनाच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या सेवाशर्तींत अहितकारक बदल केला जाणार नाही. पुढे १९५९ साली मुंबई नागरी सेवा नियम आले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे सोपविले गेले. पश्चिम महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षक यापूर्वी जिल्हा शाळामंडळांच्या सेवेत होता. मराठवाड्यात प्राथमिक शाळा प्रामुख्याने सरकारी खात्याच्या होत्या. म्हणून परभणीच्या शिक्षकाच्या दृष्टीने १९६२ चे स्थित्यंतर हे राज्यसेवेतून स्थानिक संस्थेच्या सेवेत जाणे होते. रजेचे नियम मात्र राज्यसेवेच्या धर्तीवरच चालत राहिले.

४. शिक्षकाचे रजाखाते

पुढील विवेचनासाठी १९८१ च्या नियमांची रचना थोडक्यात समजून घेणे अवश्य आहे. सामान्य सरकारी कर्मचाऱ्यास दर वर्षी ३० दिवसांची अर्जित रजा, म्हणजे पूर्ण वेतनाची रजा, मिळते. १ जानेवारी व १ जुलै रोजी प्रत्येकी १५ दिवस त्याच्या खाती जमा होतात. शिक्षक मात्र दीर्घ सुट्टीच्या विभागात मोडतो. उन्हाळ्याची व दिवाळीची सुट्टी उपभोगणाऱ्यास त्या वर्षाची अर्जित रजा मिळत नाही. शासकीय कामासाठी सुट्टी नाकारली गेली, तर न उपभोगलेल्या दिवसांच्या प्रमाणातच ती मिळते, आणि त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा आदेश सेवापुस्तकाशी जोडलेला असावा लागतो.

तात्पर्य, आजारपणासाठी शिक्षकाचा मुख्य आधार अर्धवेतनी रजा हाच असतो. ती वर्षाला २० दिवस मिळते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिचे पूर्ण वेतनी परिवर्तित रजेत रूपांतर होते, पण खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. याचा हिशेब करून पाहावा. १४ दिवसांच्या गैरहजेरीस २८ दिवस खर्ची पडतात, म्हणजे एका वर्षाच्या कमाईहून अधिक. २० दिवसांच्या गैरहजेरीस दोन वर्षांची संपूर्ण कमाई जाते. सेवेचे एकच वर्ष झालेल्या शिक्षकाच्या खात्यातून, नियमांतील अन्य अटी बाजूस ठेवल्या तरी, पूर्ण वेतनाचे दहाच दिवस निघू शकतात. त्यापुढे अनर्जित किंवा असाधारण रजा उरते. पहिली भावी कमाईवरील उसनवार आहे, दुसरी बिनपगारी.

खाजगी शाळांतील शिक्षकांस १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम व त्याखालील १९८१ चे नियम लागू आहेत. विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाचा हक्क कागदावर तोच असला, तरी तो संस्थेच्या आर्थिक स्थितीवर अवलंबून राहतो. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यास घेतलेल्या तासांचेच मानधन मिळत असल्याने त्याच्या बाबतीत पगारी रजा ही कल्पनाच लागू पडत नाही.

५. २०२०-२१ चा अनुभव

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात साथरोग अधिनियमाखालील अधिकार १३ मार्चपासून वापरात आले आणि त्याच महिन्याच्या मध्यास शाळा बंद झाल्या. विलगीकरणाचा काळ प्रारंभी १४ दिवसांचा होता.

शाळा बंद असल्या तरी शिक्षक मोकळा नव्हता. राज्यभर शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणास, तपासणी नाक्यांवर आणि स्वस्त धान्य दुकानांवर नेमण्यात आले. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. मुंबई-पुण्याहून परतलेल्या मजुरांसाठी मराठवाड्यात गावोगावच्या शाळांच्या इमारती विलगीकरणाच्या जागा झाल्या. परभणी जिल्ह्यासारख्या, मोसमी स्थलांतर नित्याचे असलेल्या प्रदेशात या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. या कामात शिक्षकाची उन्हाळी सुट्टी गेली असल्यास तिच्या बदल्यात अर्जित रजा मिळणे नियमास धरून होते. पण त्यासाठी लेखी आदेश हवा होता. आणि साथीच्या धांदलीत कामे अनेकदा तोंडी सूचनेवर किंवा भ्रमणध्वनीवरील संदेशावर चालत. ज्याच्याजवळ कागद नाही, त्याच्या सेवापुस्तकात ते काम नाही.

प्रस्तुत प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट रूप नोव्हेंबर २०२० मध्ये दिसले. २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग उघडावयाचे ठरले आणि तत्पूर्वी शिक्षकांची कोविड चाचणी सक्तीची करण्यात आली. या चाचण्यांत राज्यात अनेक शिक्षक बाधित आढळले, आणि त्यांतील कित्येकांस कोणतेही लक्षण नव्हते. अशा शिक्षकास रजानियमांच्या भाषेत काय म्हणावे? तो रोगी म्हणून वैद्यकीय प्रमाणपत्र मागावयास गेलेला नव्हता. शासनाने सांगितलेली चाचणी त्याने केली आणि शासनाच्याच आज्ञेने तो घरी बसला. जुनी संसर्गरोध रजाही त्याला लागू पडली नसती, कारण ती घरातील दुसऱ्याच्या रोगासाठी होती. लक्षणाविना संसर्ग ही अवस्था जुन्या नियमकर्त्यांच्या दृष्टीपुढे नव्हती.

मृत्यूच्या बाबतीत शासनाने स्पष्ट निर्णय घेतला. २९ मे २०२० च्या आदेशान्वये कोविडविषयक कर्तव्य बजावताना मरण पावलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबास ५० लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य देण्याचे ठरले. मृत्यू कर्तव्यामुळे घडू शकतो, हे येथे मान्य झाले. त्याच कर्तव्यातून आलेला, पण प्राणावर न बेतलेला आजार हाही त्याच न्यायाने कर्तव्याचा भाग ठरावयास हवा होता.

६. दोन तुलना

केंद्र शासनाने ७ जून २०२१ रोजी, साथ सुरू होऊन वर्ष उलटल्यावर, आपल्या कर्मचाऱ्यांसाठी या विषयाचा सविस्तर आदेश काढला. त्यात तीन अवस्थांचा भेद केला आहे. कर्मचारी स्वतः बाधित होऊन घरी विलगीकरणात असल्यास चाचणीच्या अहवालावर २० दिवसांपर्यंत परिवर्तित रजा. आईवडील किंवा अवलंबित कुटुंबीय बाधित असल्यास १५ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा. आणि प्रतिबंधित क्षेत्रात राहिल्यामुळे येता न आल्यास तो काळ कर्तव्यकाळ. जुन्या संसर्गरोध रजेचे तत्त्व दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेत पुन्हा प्रकटले आहे. पहिल्या अवस्थेतील मर्यादाही तशीच राहिली आहे. ज्याला अर्जित रजेचा आधार आहे, त्याला ही मर्यादा फारशी जाचत नाही, शिक्षकाला जाचते. शिवाय परभणीच्या जिल्हा परिषद शिक्षकास हा केंद्रीय आदेश आपोआप लागू नव्हता.

अमेरिकेच्या संघराज्याने १८ मार्च २०२० रोजी संमत केलेल्या कायद्यात वेगळा मार्ग दिसतो. सार्वजनिक शाळांचे कर्मचारी त्यात अंतर्भूत होते. विलगीकरणाची आज्ञा झालेल्या पूर्णवेळ कर्मचाऱ्यास ८० तासांपर्यंतची पगारी रजा त्याच्या पूर्वसंचित रजेखेरीज मिळे, आणि आधी शिल्लक रजा वापरण्याची सक्ती मालकास करता येत नसे. ही सक्तीची तरतूद ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली. शिवाय पाचशे किंवा अधिक नोकर असलेल्या खाजगी संस्था तिच्याबाहेर होत्या. तेव्हा तिला आदर्श मानण्याचे कारण नाही. परंतु आज्ञेचा भार संचित रजेवर पडू नये, हा विचार तेथे विधिग्रंथात शब्दबद्ध झाला.

७. समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. साथनियंत्रणाच्या कायद्याने १८९७ पासून माणसास घरी बसविण्याचा अधिकार शासनास दिला, पण त्या दिवसांच्या वेतनाचा विचार सेवानियमांवर सोडला. सेवानियमांनी घरातील दुसऱ्याच्या रोगाचा भार सरकारी मानला, स्वतःच्या संसर्गाचा भार मात्र वैयक्तिक मानला. शिक्षक हा दीर्घ सुट्टीच्या विभागातील असल्याने त्याच्या बाबतीत हा वैयक्तिक भार दुप्पट दराने वसूल होतो. परभणीच्या शिक्षकाने चार राजवटी पाहिल्या, तरी या तीन गोष्टींत मूलगामी फरक पडला नाही.

सुट्टी असते म्हणून शिक्षकास रजा कमी, हा युक्तिवाद सामान्य काळात समर्थनीय आहे. ज्या वर्षी सुट्टीतच त्याला नाक्यावर उभे केले जाते, त्या वर्षी तो टिकत नाही. रजा ही संमती आहे आणि विलगीकरण ही आज्ञा आहे. या दोहोंची नोंद एकाच रकान्यात होत राहील, तोवर पुढील साथीतही हाच हिशेब पुन्हा मांडावा लागेल. त्या रकान्याचे नाव बदलण्यासाठी नव्या संशोधनाची आवश्यकता नाही. जुन्या संसर्गरोध रजेतील तत्त्व स्वतःच्या संसर्गासही लागू केले, तरी पुरेसे आहे.