जाड रंगाची कुळकथा

जिंतूरमध्ये बसून कालव्यांच्या शहराचे जाड रंगातले चित्र पाहायचे, तर ते छापील पानावर नाहीतर मोबाइलवर. घरे डुगडुगतात, पाणी पेटल्यासारखे दिसते. पण रंगाची जाडी, म्हणजे चित्राचा अर्धा जीव, तिथे सपाट होऊन जातो.

ही जाडी कालव्यांच्या शहरातच वाढीला लागली. व्हेनिसच्या दमट, खाऱ्या हवेत गिलाव्यावरची भित्तिचित्रे टिकेनात. शिडाचे कापड मात्र बंदरात हवे तेवढे. म्हणून सोळाव्या शतकात तिथल्या चित्रकारांनी कॅनव्हास आणि तैलरंग यांची जोडी पक्की केली. खरबरीत विणीवर रंग धरतो, थरावर थर चढतो. तिथल्याच टिशियनच्या उतारवयातली चित्रे जवळून पाहावीत तर नुसते डाग. चार पावले मागे सरले की माणूस उभा राहतो. पुढच्या शतकात कालव्यांच्याच अ‍ॅमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांने शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगाचे उंचवटे उठवले.

1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगाच्या धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले. घट्ट रंग आयता हाती आला. व्हॅन गॉगने तो सढळ हाताने वापरला. विसाव्या शतकात ऑस्ट्रियन चित्रकार ऑस्कर कोकोश्काने तर शहरेच्या शहरे अस्वस्थ फटकाऱ्यांत रंगवली. त्यांत व्हेनिसही होते.

1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि तिथले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर मुंबईत आले. टाइम्स ऑफ इंडियात ते कलासंचालक झाले. कोकोश्काच्या वळणाचा त्यांचा भरघोस रंग त्यांच्या घरी जमणाऱ्या तरुण चित्रकारांनी जवळून पाहिला. रझा आणि आरा त्यांतलेच. पुढे रझा 1950 मध्ये फ्रान्सला गेले आणि त्या दशकात त्यांनी तिथली गावे जाड तैलरंगात उभी केली. गोव्यातल्या साळगावचे चित्रकार सूझा 1949 मध्येच लंडनला पोचले होते. त्यांची शहरे ठसठशीत काळ्या रेषांत जखडलेली असतात.

गवंडी थापीने गिलावा चढवतो तसा अशा चित्रात पॅलेट नाइफच्या बोथट पात्याने रंग चढतो. भिंतींना उभे फटकारे, पाण्याला आडवे. प्रतिबिंबासाठी ओल्या रंगावरून पाते एकदाच ओढायचे. पुन्हापुन्हा फिरवले की रंगांचा चिखल होतो. वरची पापडी लवकर धरते, आतला रंग महिनोन्‌महिने ओला राहतो.

छापील पानावर ही जाडी दिसत नाही; म्हणून मुंबईच्या एखाद्या कलादालनात असे चित्र सापडले, तर समोरून पाहून झाल्यावर जरा बाजूला सरका. तिरप्या उजेडात उंचवट्यांच्या सावल्या पडतात. हात कुठे घाईत होता, कुठे अडला, हे त्यांवरून वाचता येते.