झाकली मूठ : जादूगारांना विकली जाणारी जादू

आजचा प्रश्न असा : लोकांना चकवणं हा ज्याचा धंदा, त्या जादूगारालाच कोणी चकवलं तर?

जादूगार सगळे खेळ स्वतः शोधत नाही. बरेचसे तो विकत घेतो. त्यासाठी खास दुकानं असतात आणि त्यांची सूचिपत्रकं निघतात. न्यूयॉर्कमध्ये मार्टिंका यांचं असं दुकान होतं. १९०२ मध्ये ‘सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स’ ही संस्था त्याच दुकानात स्थापन झाली.

पण हा सौदा इतर सौद्यांसारखा नाही. आंबा आपण वास घेऊन घेतो, साडी उलगडून पाहतो. इथे विकायचं असतं ते गुपित. ते उलगडून दाखवलं, की विकायला काही उरतच नाही. आणि गिऱ्हाइकाने डबा उघडला, की माल परत घेण्यातही अर्थ नाही, कारण गुपित तर त्याच्या डोक्यात गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती इथे शब्दशः.

मी फौजेतला माणूस. फौजेत नवं उपकरण घ्यायचं तर कंपनीचं चकचकीत माहितीपत्रक वाचून कोणी सही करत नाही. ते राजस्थानच्या वाळूत आणि लडाखच्या थंडीत चालवून बघतात. जादूच्या बाजारात अशी चाचणी होणं कठीण. सगळी भिस्त जाहिरातीच्या शब्दांवर.

मग कायद्याने गुपित सुरक्षित करून ते उघड का विकू नये? होरेस गोल्डिन या जादूगाराने तेही करून पाहिलं. बाईला करवतीने कापण्याच्या खेळाचं पेटंट त्याने १९२३ मध्ये मिळवलं. पण पेटंट म्हणजे सरकारदरबारी रीत लिहून देणं. १९३३ मध्ये कॅमल सिगारेटच्या जाहिरातींत जादूची गुपितं फोडण्याची मोहीम सुरू झाली, आणि त्यात हा खेळही उघडा पडला. गोल्डिन कोर्टात गेला. १९३८ मध्ये निकाल विरुद्ध लागला : जे तू स्वतःच पेटंटमध्ये जाहीर केलंस, ते गुपित कसलं? गंमत पाहा, त्या जाहिरातीने करवतीबद्दलचं सत्य सांगितलं, फुप्फुसांबद्दलचं नाही.

म्हणजे विकणाऱ्याने मूठ झाकूनच ठेवायची, आणि घेणाऱ्याने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. म्हणून त्या शब्दाला इतकं मोल.

जादूची जाहिरात सहसा धडधडीत खोटं बोलत नाही. ती अर्धं बोलते. प्रेक्षकाला काय दिसेल ते रंगवून सांगते, आणि ते दिसण्यासाठी काय लागेल ते गाळते. लोक फक्त समोरच बसलेले हवेत, दिवा पाठीमागे नको, अंगात कोट हवा, हाताला सहा महिने सराव हवा. ‘दोरा नाही, आरसा नाही’ असं छापलेलं असतं, आणि ते खरंही असतं. कारण आत चुंबक असतो!

अटी गाळून लिहिलेल्या वर्णनाचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशाच्या नावावर खपलं आहे. ऑगस्ट १८९० मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने एक हकिकत छापली. भारतात फकिराने दोर हवेत फेकला, तो ताठ उभा राहिला, मुलगा वर चढला आणि दिसेनासा झाला. साक्षीदाराचं नाव फ्रेड एस. एलमोर. यातला ‘एस’ पुढच्या शब्दाला जोडा : ‘सेल मोर’, म्हणजे जास्त विका! लिहिणारा होता जॉन विल्की, जो पुढे अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचा प्रमुख झाला. चार महिन्यांनी पेपरने हकिकत रचलेली असल्याचं कबूल केलं. पण तोवर ती जगभर पोचली होती. खुलाशाला तेवढे पाय फुटले नाहीत.

त्याचा भुर्दंड आपल्या मदाऱ्यांना पडला. भर रस्त्यात, चहूबाजूंनी लोक असताना टोपलीचा किंवा आंब्याच्या रोपाचा खेळ करणारी ही पिढीजात कसबी माणसं. पण परदेशी पाहुणे त्यांच्याकडे दोराचाच खेळ मागू लागले.

अखेर लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ने चौकशी केली. समितीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट एलियट. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले नेत्रतज्ज्ञ, मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे एकेकाळचे प्रमुख. एप्रिल १९३४ च्या सभेला अध्यक्ष होते मद्रासचे माजी गव्हर्नर लॉर्ड अँपथिल. उघड्यावर पूर्ण खेळ करून दाखवणाऱ्याला ५०० गिनींचं बक्षीस जाहीर झालं. ‘कराची’ असं नाव घेतलेला एक इंग्रज जादूगार पुढे आला. त्याचा दोर उभा राहिला, मुलगा वर चढला, पण अदृश्य काही झाला नाही. बक्षीस कोणालाच मिळालं नाही.

मला त्या कराचीचं कौतुक वाटतं. त्याने आधीच अटी सांगितल्या होत्या. प्रामाणिक जाहिरात म्हणतात ती हीच. गुपित फोडायचं नाही, पण अटी लपवायच्या नाहीत.

हे जादूगारांनाही पटलेलं आहे. ‘सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स’ आणि १९२२ मध्ये स्थापन झालेली ‘इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ मॅजिशियन्स’ यांच्या आचारसंहितेत गुपितं फोडू नका असं कलम आहे, आणि त्याच यादीत जादूच्या मालाची खोटी किंवा दिशाभूल करणारी जाहिरात नको असंही कलम आहे. दोन्ही कलमं शेजारी शेजारी नांदतात, कारण दोन्ही विश्वासाचीच आहेत. रंगमंचावर प्रेक्षक फसायला स्वतःहून येतो, त्याचंच तिकीट काढतो. दुकानाच्या काउंटरवर आलेला माणूस मात्र फसायला आलेला नसतो.

आता सूचिपत्रकांची जागा मिनिटभराच्या व्हिडिओने घेतली आहे. त्यात कॅमेरा कुठे ठेवायचा आणि कात्री कुठे लावायची, हे विकणारा ठरवतो. तेव्हा जादू असो, जमीन असो की औषध, जाहिरात बघताना काय दिसतं ते जरूर बघा, आणि अटी कोणत्या ते विचारा. उत्तर द्यायला जो कचरतो, त्याच्या डब्यात गुपित नसतं, नुसता डबाच असतो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!