केडगावचं मुक्ती मिशन : दुष्काळातून वाचलेल्या मुलींना घर कसं मिळालं?

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव नावाचं स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी उभी केलेली ख्रिस्ती संस्था याच केडगावात आहे. तिचं नाव मुक्ती मिशन.

संस्कृतच्या विदुषी म्हणून रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकातून बहुतेकांना माहीत असतं. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यावरून मोठा वाद झाला, हेही अनेकांनी ऐकलेलं असतं. पण त्यांच्या संस्थेत वाढलेल्या मुलींचा दिवस कसा जायचा? त्या काय शिकायच्या? आणि आज एखादं टाकून दिलेलं मूल अशा संस्थेत पोचतं तेव्हा पुढे काय होतं? समजून घेऊया.

रमाबाईंना हे काम का करावंसं वाटलं?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून आधी पत्नीला संस्कृत शिकवलं. पुढे रमाबाईही संस्कृत शिकल्या. हे कुटुंब गावोगावी पुराण सांगत फिरायचं.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण असे तिघेही गेले. उरलेली दोन भावंडं पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथे रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. १८८२ मध्ये कॉलऱ्याने पतीचं निधन झालं. तेव्हा रमाबाईंचं वय होतं २३ आणि पदरी छोटी मनोरमा होती.

उपासमार, अनाथपण आणि वैधव्य हे तिन्ही त्यांनी स्वतः भोगलं होतं. त्यांच्या संस्थांचं मूळ इथे आहे.

आधी शारदा सदन

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथून त्या अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी बालवाडीची फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली आणि भारतातल्या विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यांच्या कामाला पैसा पुरवण्यासाठी बॉस्टनमध्ये 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्यात हलवलं गेलं. उच्चवर्णीय विधवांनी आपापले आचार पाळून इथे राहावं आणि शिकावं, अशी सोय होती. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. त्याच आनंदीबाई कर्वे.

मात्र १८९३ मध्येच शारदा सदनावरून मोठा वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या. खोलीचं दार उघडं असायचं आणि काही मुली येऊन बसायच्या. इथे धर्मांतर होतंय, असा आरोप झाला. 'केसरी'ने कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

केडगाव कसं सुरू झालं?

संस्थेला स्वतःचं उत्पन्न हवं म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली होती. तिथे फळबाग करायची, असा विचार होता. पण १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला.

रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. मदत छावण्या त्यांनी पाहिल्या. तिथे एकट्या पडलेल्या मुली भुकेइतक्याच माणसांच्या तावडीतही सापडत होत्या. रमाबाईंनी तुकड्या-तुकड्यांनी शेकडो मुली आणि बायका पुण्याकडे आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेगची साथ आली आणि इतक्या जणींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. म्हणून त्यांना केडगावच्या मोकळ्या जमिनीवर नेलं. सुरुवातीला राहायला तात्पुरता आडोसा होता. पक्क्या इमारती नंतर आल्या.

१९०० च्या सुमारास गुजरातेतही दुष्काळ पडला आणि तिथल्याही मुली केडगावला आल्या. संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. आता जातीची अट राहिली नव्हती. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांचं होतं. मुक्तीत दुष्काळाने बेघर केलेली कुठलीही मुलगी आली.

आतलं आयुष्य कसं होतं?

दोन हजार माणसांना रोज जेवण, पाणी, कपडे आणि औषध पुरवायचं म्हणजे एक अख्खं गाव चालवण्यासारखं होतं. पाण्यासाठी विहिरी खोदाव्या लागल्या. छावण्यांतून आलेल्या मुली हाडांचे सापळे झालेल्या होत्या, आजारी होत्या. सगळ्याच वाचल्या नाहीत.

नव्या मुलींना सांभाळायचं कोणी? शारदा सदनात आधी शिकलेल्या स्त्रिया पुढे आल्या. ज्या काल आश्रयाला आल्या होत्या, त्याच आज दुसऱ्यांची काळजी घेत होत्या. मुक्तीची घडी याच पद्धतीने बसली.

गरजेप्रमाणे वेगवेगळी सदनं उभी राहिली :

• शारदा सदन : शिक्षणासाठी.
• कृपा सदन : फसवल्या गेलेल्या किंवा समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी.
• प्रीति सदन : म्हाताऱ्या आणि आजारी स्त्रियांसाठी.
• बार्तमी सदन : अंध मुली आणि स्त्रियांसाठी. बायबलमधल्या एका अंध माणसावरून हे नाव पडलं. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आल्या आणि इथे अंध मुली बोटांनी वाचू लागल्या.

मुलींचा दिवस प्रार्थना, शाळा आणि काम यांत वाटलेला असायचा. कामांची यादी पाहिली तर आजही नवल वाटतं. हातमागावर साड्या आणि सतरंज्या विणणं, दूधदुभतं, शेती, तेलाचा घाणा, धोबीखाना, शिवणकाम, वेताच्या खुर्च्या विणणं. सगळ्यात वेगळा होता छापखाना. खिळे जुळवण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंतची कामं तिथे स्त्रिया करायच्या.

रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर याच छापखान्यात छापलं गेलं. ज्या काळात बहुतेक घरांत मुलीने अक्षर ओळखणं हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात इथल्या मुली अक्षरं जुळवून पानं तयार करत होत्या.

यामागचा विचार साधा होता. बाहेर या मुलींना माहेर नव्हतं आणि सासरची खात्री नव्हती. हातात कसब नसेल तर मोठेपणी पुन्हा कुणाच्या तरी दयेवर जगायची वेळ येणार. संस्थेचा खर्च मुख्यतः देणग्यांवर चालायचा आणि या उद्योगांची त्याला जोड होती.

मग धर्मांतराचं काय?

या प्रश्नाला वळसा घालून मुक्तीची गोष्ट सांगता येत नाही.

मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. प्रार्थना आणि बायबलचं वाचन हा रोजच्या जगण्याचा भाग होता. १९०५ मध्ये इथे मोठी धार्मिक जागृती झाली आणि मुलींचे गट आसपासच्या गावांत प्रचारालाही जाऊ लागले. इथे वाढलेल्या बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या.

टीकाकारांचा मुद्दा असा, की उपाशी मुलाला अन्न देणाऱ्याचाच धर्म मोठा वाटणार, मग ती निवड मोकळी कशी म्हणायची? हा प्रश्न रास्त आहे. दहा वर्षांच्या मुलीपुढे दुसरा पर्याय नसतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्या छावण्यांमधून या मुलींना उचलून घरी नेणारे फार थोडे होते. आणि स्वतः रमाबाई कुणाच्या धाकात राहणाऱ्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये त्यांना शिकवणाऱ्या धर्मभगिनींशी त्यांनी पत्रांमधून जोरदार वाद घातला होता. चर्च सांगेल ते सगळं डोळे मिटून मानायला त्यांनी नकार दिला. आपल्या सद्‍सद्‍विवेकाचं स्वातंत्र्य त्यांना फार मोलाचं होतं. तेच स्वातंत्र्य संस्थेतल्या लहान मुलींना कितपत मिळालं, हा प्रश्न मात्र उरतोच.

आज राज्यघटनेचं कलम २८ सांगतं, की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. ज्या मुलाला पालकच नाही, त्याच्या बाबतीत म्हणूनच संस्थेची जबाबदारी जास्त वाढते. संस्था कुठल्याही धर्माची असो, हे लागू आहे.

मोठ्या वसतिगृहातून छोट्या कुटुंबाकडे

मनोरमा १९२१ मध्ये गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचं निधन झालं. संस्था बंद पडली नाही. आजही केडगावला मुक्ती मिशन चालू आहे. इथली मुलं छोट्या 'कुटुंबां'त राहतात आणि प्रत्येक घरात सांभाळणारी आई असते.

हा बदल का महत्त्वाचा आहे? शंभर मुलांच्या रांगेत मुलाला ताट मिळतं, पण 'आज हा नीट जेवला नाही' हे कुणाच्या लक्षात येत नाही. लहान मुलाला रोज तोच चेहरा, तोच आवाज लागतो. सांभाळणारी माणसं सतत बदलत राहिली तर मूल कुणावरही विश्वास ठेवायला बिचकतं. काही मुलं तर येईल त्या पाहुण्याला लगेच बिलगतात. पाहणाऱ्याला ते गोड वाटतं, पण अनेकदा ती एकटेपणाची खूण असते.

मुलाला वाचवायला एक दिवस पुरतो. आपण कुणाचे तरी आहोत, हे त्याला वाटायला वर्षं लागतात.

आज मूल संस्थेत कसं येतं?

रमाबाईंच्या काळात मूल कोणी न्यावं, कुठे ठेवावं, याची विचारणा करणारी आजच्यासारखी यंत्रणा नव्हती. आता बाल न्याय कायदा, २०१५ आहे. त्याची मुख्य पावलं अशी :

• टाकून दिलेलं किंवा हरवलेलं मूल सापडलं, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. मूल कुठे राहील, हे समिती ठरवते.
• आधी पालकांचा शोध घेतला जातो. पालक सापडले नाहीत तर समिती मुलाला दत्तक देण्यासाठी मोकळं जाहीर करते. मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत हे व्हायला हवं.
• आईवडिलांनी स्वतःहून मूल समितीकडे सोपवलं, तर त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात.
• दत्तक फक्त केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणजेच 'कारा'च्या प्रक्रियेतून मिळतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात.
• मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची या कायद्याखाली नोंदणी बंधनकारक आहे, मग ती धार्मिक ट्रस्टची असो वा इतर कुणाची.

संस्थेने मुलाला जेवण, कपडे, उपचार, शिक्षण, कौशल्य आणि मानसिक आधार द्यायचा असतो. ओळखीची कागदपत्रं मिळवून देण्यात मदत करणं हेही तिचं काम आहे. मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं हाच कायदा सांगतो. आधी स्वतःचं घर, मग नातेवाईक, दत्तक किंवा प्रतिपालक कुटुंब आणि काहीच जमलं नाही तर संस्था.

१८ वर्षं पूर्ण झाल्यावर?

घरातल्या मुलाला अठराव्या वाढदिवसाला कुणी बॅग भरायला सांगत नाही. संस्थेतल्या मुलाला मात्र त्या दिवसानंतर बाहेर पडावं लागू शकतं. भाड्याची खोली, नोकरी, बँकेचं खातं, आजारपण हे सगळं एकट्याने. म्हणून कायद्यात २१ वर्षांपर्यंत 'अनुरक्षण' म्हणजे नंतरच्या आधाराची तरतूद आहे. मुक्तीतल्या हातमागाचं आणि छापखान्याचं महत्त्व इथे कळतं. बाहेर पडणाऱ्याच्या हाताला काम हवं, हा प्रश्न आजही तोच आहे.

आपण काय करायचं, काय टाळायचं?

१. 'दोन दिवसांचं बाळ आहे, दत्तक हवं असेल तर या नंबरवर फोन करा' असे मेसेज पुढे पाठवू नका. कायद्याच्या प्रक्रियेबाहेर मूल देणं किंवा घेणं हा गुन्हा आहे.

२. वाढदिवसाला संस्थेत केक नेलात तरी मुलांचे फोटो पोस्ट करू नका. संस्थेतल्या मुलाची ओळख उघड केल्यास कलम ७४ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि 'अनाथ' म्हणून व्हायरल झालेला फोटो त्या मुलाचा मोठेपणीही पिच्छा सोडत नाही.

३. देणगी देण्याआधी संस्थेची नोंदणी आहे का, ते विचारा. एका दिवसाच्या मिठाईपेक्षा दर आठवड्याला ठरलेल्या वेळी येऊन गणित शिकवणारा माणूस मुलांना जास्त हवा असतो.

४. एकटं, घाबरलेलं किंवा टाकून दिलेलं मूल दिसलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात कळवा. मदत येईपर्यंत त्या मुलाजवळ थांबा.