महामारींतील मृतांचीं स्मारकें



सोलापुरांत 'हुतात्मा' हा शब्द उच्चारला कीं चार नांवें आपोआप ओठांवर येतात : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत ते फांशीं गेले. शहरानें त्यांचे पुतळे उभारले, आणि तें उचितच झालें. परंतु पटकी, प्लेग व इन्फ्लुएंझा यांनीं याच नगरींतून जीं माणसें नेलीं, त्यांपैकीं एकाचें तरी नांव आज आपणांस सांगतां येईल काय ?

महामारीची आठवण आपल्या समाजानें ठेविलीच नाहीं असें मात्र नव्हे. सोलापुरांतील एक चौक आजहि मरिआईच्या नांवानें ओळखला जातो. मरिआई ही पटकीची देवता. साथ आली कीं तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडावा, अशी आपल्या खेड्यापाड्यांतून चाल होती. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, तेव्हां वांद्रें-गिरगांव भागांतील ख्रिस्ती वस्त्यांनीं रस्त्यांच्या कडेला क्रूस उभारले. त्यांपैकीं कांहीं अद्यापि उभे आहेत. गाडा काय किंवा क्रूस काय, हेतु एकच : जे वांचले त्यांचें रक्षण व्हावें. जे गेले त्यांचीं नांवें तेथें नाहींत.

१९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथींत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें मेलीं. पहिल्या महायुद्धांत व लगतच्या मोहिमांत पडलेल्या सुमारें ७० हजार हिंदी सैनिकांसाठीं दिल्लीस इंडिया गेट उभें राहिलें आणि त्यावर १३ हजारांहून अधिक नांवें कोरलीं गेलीं. त्याच काळांतील त्या कोटी मृतांच्या वांट्यास असें राष्ट्रीय स्मारक आलें नाहीं. कारण उघड आहे. रणांगणावरील मरणास राज्याचा हेतु चिकटलेला असतो. रोगानें आलेलें मरण कोणाच्याच विजयाची कथा सांगत नाहीं. उलट औषध, पाणी व व्यवस्था कोठें अपुरी पडली, हा अवघड प्रश्न विचारतें. म्हणून तें घराघरांत वांटलें जातें आणि दोन पिढ्यांत विरून जातें.

२०२० सालीं कोरोना आला, आणि पुष्कळांस आप्तांचें अंत्यदर्शनहि घडलें नाहीं. पुढील वर्षीं लंडनमध्यें, थेम्सच्या कांठीं, पार्लमेंटसमोरील भिंतीवर आप्तेष्टांनीं व स्वयंसेवकांनीं प्रत्येक मृतामागें एक तांबडें हृदय रंगविलें. त्यांत नातलगांनीं नांवें लिहिलीं. त्याआधीं १९८७ सालीं अमेरिकेंत एड्सनें मेलेल्यांच्या सोबत्यांनीं व आप्तांनीं एक प्रचंड गोधडी शिवून वॉशिंग्टनच्या मैदानांत अंथरली होती. तिचे १,९२० तुकडे होते. प्रत्येक तीन फूट रुंद, सहा फूट लांब, म्हणजे एका थडग्याएवढा.

सोलापूरकरांस या गोधडीचें मर्म सांगावयास नको. येथील मागावर चादरींत फुलें विणतां येतात, तशीं अक्षरेंहि विणतां येतात. ज्या घरांतून माणूस गेलें त्या घरानें नांव द्यावें आणि शहरानें तें विणावें, असें स्मारक येथें सहज होऊं शकेल. त्यासाठीं आधीं मृतांची यादी प्रामाणिकपणें करावी लागेल, आणि नांव सांगणारें कोणी हयात आहे तोंवरच ती होईल. १९१८ च्या मृतांपुरती ती वेळ केव्हांच टळून गेली आहे.