पोराच्या खांद्याला पेलणारी बंदूक

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी मायदेशाची ‘येगर’ रायफल, म्हणजे नळीच्या आतून गोळीला फिरकी देणारे आटे पाडलेली आखूड ठासणीची बंदूक, सोबत आणली. तिच्या नळीचा आतील व्यास बहुधा 0.60 इंचाच्या आसपास असे. लँकेस्टर परिसरात मात्र ती नळी लांबत 42 इंचांच्या पुढे गेली आणि व्यास अर्ध्या इंचाकडे, पुढे त्याच्याही खाली उतरला. यामागे नेमबाजाच्या खांद्याची काळजी नव्हती, काटकसर होती. गोळीचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे एक पौंड शिशातून 0.60 इंची नळीसाठी जेमतेम 22 गोळ्या ओतता येत, तर 0.36 इंची नळीसाठी शंभराच्या घरात निघत, आणि डोंगरापलीकडील वस्त्यांत शिसे व दारू घोड्याच्या पाठीवरून न्यावी लागे.

या काटकसरीचा लाभ पोरांना झाला. गोळी आणि तिच्यामागून सुटणारी जळकी दारू पुढे जाते तेव्हा बंदूक मागे रेटली जाते; साहजिकच हलक्या गोळीला दारूही कमी लागल्याने धक्का दुहेरी उतरे. सीमेवरील जीवनाविषयी जोसेफ डॉड्रिज यांनी 1824 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बारा-तेरा वर्षांच्या मुलाला लहान रायफल व गोळ्यांची पिशवी मिळे, गढीच्या तटातील एक झरोका त्याला नेमून दिला जाई आणि खारी, टर्की, रॅकून टिपता टिपता त्याचा हात बसे, असे नमूद आहे. ‘लहान’ रायफल हे खेळणे नव्हते, हे त्या झरोक्यावरूनच कळते.

दारूचे माप पाहावे तर केंटकीतील शिकारी तळहातावर गोळी ठेवून ती जेमतेम झाकेपर्यंत दारू ओतत असे, असे वर्णन पक्षिचित्रकार ऑडुबॉन यांनी 1831 साली केले आहे. पसरट आणि खोलगट तळव्यांत हे माप सारखे भरणे शक्यच नाही. तरी गोळी लहान तर दारूही थोडी, ही खूणगाठ त्यात आपोआप राहते. पुष्कळ शिकारी मात्र आपापल्या बंदुकीपुरते, हरणाच्या शिंगाचे टोक पोखरून केलेले माप बाळगीत.

एकोणिसाव्या शतकात पश्चिमेच्या मैदानांत गवा आणि ग्रिझली अस्वल समोर आल्यावर सेंट लुइसच्या हॉकेन बंधूंनी अर्ध्या इंचाच्या वरच्या नळ्या घडवल्या. वाढलेल्या दारूचा धक्का त्या बंदुकांच्या 10 पौंडांच्या आसपासच्या वजनातच बराचसा मुरे, पण तेच वजन पोराच्या हाताला पेलणारे नव्हते. बारीक नळीची खार-रायफल अ‍ॅपलाचियन डोंगरांत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही घडवली जात राहिली, कारण तेथील शिकार लहानच राहिली होती.