कंपनीची वाटणी

आपल्याकडे घराची वाटणी निघाली की शेत, विहीर, भांडीकुंडी यांचा हिशेब पंचांसमोर होतो. पण घरी वीस वर्षे राबलेल्या गड्याला मालकाने ‘पुढल्या सुगीला तुला एक बैल देईन’ असा शब्द दिलेला असला, तर तो पाळायचा कोणी? थोरल्याने की धाकट्याने? कंपन्यांच्या वाटण्यांची हकीकत वाचताना मला नेहमी त्या गड्याची आठवण होते.

लार्सन अँड टुब्रोचेच पाहा. १९३८ साली होल्क-लार्सन आणि टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी मुंबईत ही पेढी काढली. पुढे ती मोठी झाली. पण तिला असा एक धनी उरला नाही. जो शेअर गोळा करील तो उद्या मालक होऊन बसेल, ही धास्ती कायमची. नोव्हेंबर २००१ मध्ये रिलायन्सने आपल्याजवळचे सुमारे १० टक्के शेअर ३०६ रुपये ६० पैसे भावाने ग्रासिमला विकले. ग्रासिमचा डोळा लार्सनच्या सिमेंटवर होता. बरीच ओढाताण होऊन २००४ साली वाटणी झाली. सिमेंट वेगळे निघून त्याची अल्ट्राटेक झाली व ती ग्रासिमकडे गेली. आणि ग्रासिमजवळचे लार्सनचे शेअर? ते कर्मचाऱ्यांसाठी स्थापन झालेल्या न्यासाने घेतले! कंपनीचे तेव्हाचे प्रमुख ए. एम. नाईक यांनी त्याचा आग्रह धरला होता. आजही सुमारे १४ टक्के शेअर त्या न्यासाकडे आहेत.

मात्र हे धन गावविहिरीसारखे आहे. पाणी सर्वांचे, पण नोकरी सोडताना आपला हंडाभर वाटा कोणी विकू शकत नाही. ज्याच्या स्वतःच्या नावे शेअर होते त्याचा हिशेब निराळा. दहा रुपयांचे १० जुने शेअर असले, तर त्याला लार्सनचे दोन रुपयांचे ५ आणि अल्ट्राटेकचे ४ मिळाले. भागधारक म्हणून त्याची वाटणी चोख झाली.

खरी अडचण तिसऱ्याची, म्हणजे आपल्या गड्याची. त्याच्या हाती शेअर नसतो. ‘अमुक वर्षे नोकरी कर, मग ठरल्या भावाने शेअर घे’ एवढे वचन असते. त्यालाच ऑप्शन म्हणतात. वचन देणारी कंपनीच नाहीशी झाली तर?

१ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी ही गृहकर्जाची संस्था आपणच उभ्या केलेल्या बँकेत विलीन झाली. आई लेकीच्या घरी राहायला गेली म्हणा ना! संस्थेच्या २५ शेअरांना बँकेचे ४२, असे प्रमाण ठरले. वचनेही त्याच मापाने बदलायची. समजा, कोणाला २१०० रुपयांनी २५ शेअर घेण्याचा हक्क होता. तो १२५० रुपयांनी ४२ शेअर घेण्याचा झाला, तर दोन्हीकडे रक्कम ५२,५०० रुपयेच होते. संख्या वाढवून भाव तोच ठेवला, किंवा भाव उतरवून संख्या तीच ठेवली, तर कोणीतरी ठकलाच.

दुसरी गोष्ट वर्षांची. बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ऑप्शन दिल्यावर किमान एक वर्ष थांबावे लागते. विलीनीकरणात नव्या कंपनीने बदली ऑप्शन दिले, तर जुन्या कंपनीत गेलेला काळ त्या वर्षात धरावा, असा सेबीचा नियम आहे. आणि अशा फेरबदलात नोकराच्या हक्काला न्याय्य मेळ घालावा, असेही तो सांगतो.

नियम चांगला, पण ‘न्याय्य’ म्हणजे किती, हे शेवटी योजनेच्या कागदात लिहिलेले असते. भागधारक सभेत मत देतो, सावकाराला कंपनी न्यायाधिकरणापुढे हरकत घेता येते. ऑप्शनवाल्याला मात्र त्या कागदाखेरीज आधार थोडा. म्हणून या लक्ष्मीपूजनाला चोपडीबरोबर घरातल्या नोकरदाराने तो कागदही पुढे ठेवावा. हळदकुंकू वाहण्यापूर्वी एकदा वाचावा, एवढेच माझे म्हणणे.